नोंदींतील चुकांची नोंद

महसुली दप्तराशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांना गाव नमुना सहा आणि गाव नमुना सहा-अ यांतील भेद सांगण्याची गरज नाही. पहिली फेरफारांची नोंदवही, तर दुसरी विवादग्रस्त प्रकरणांची. फेरफारास कोणी हरकत घेतली तर ती मूळ नोंदीच्या समासात खरडून ठेवावयाची नसते. तिच्यासाठी वेगळी वही आहे. हरकत कोणत्या फेरफारास आहे, कोणाची आहे, कशाबद्दल आहे, हे तीत लिहावे लागते आणि निर्णयही तेथेच नोंदला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्ये या व्यवस्थेची तरतूद आहे. नोंद ही एक वस्तू आणि नोंदीविषयीचा आक्षेप ही दुसरी, तितकीच स्वतंत्र वस्तू, हे तत्त्व या दोन वह्यांमागे आहे. माहिती तपासणारे संगणकीय कार्यक्रम लिहिणारी मंडळीही आज याच तत्त्वावर येऊन पोहोचली आहेत, मात्र अगदी निराळ्या वाटेने.

सात-बारा, शाळेचा पट, शिधापत्रिका, बँक खाते, जातीचा दाखला यांपैकी बहुतेक माहिती आता संगणकात भरली जाते आणि भरताना तपासली जाते. तपासणीत ती उतरली नाही की पडद्यावर तांबड्या अक्षरांत एक ओळ उमटते. 'माहिती अवैध आहे.' एवढेच. कोणती माहिती, कोणत्या रकान्यातील, कोणत्या नियमाने अवैध, याचा त्या ओळीत पत्ता नसतो. शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पलीकडील पाड्यावरून किंवा मुरबाड तालुक्यात माळशेजच्या पायथ्याच्या गावातून तालुक्याच्या ठिकाणी आलेल्या माणसाला ही ओळ दाखविली, तर त्याने काय करावे? एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे तर गेलेलेच असते. चूक कशी सांगावी हा प्रश्न म्हणूनच केवळ यंत्रज्ञांचा राहत नाही.

लायब्ररी म्हणजे काय?

संगणकाच्या व्यवहारात 'लायब्ररी' म्हणजे पुस्तकांचे ग्रंथालय नव्हे. अनेक कार्यक्रमांना पुनःपुन्हा लागणारी कामे एकदाच नीट लिहून ठेवतात आणि ज्याला गरज असेल तो ती आपल्या कार्यक्रमात जोडून घेतो, अशा तयार भागांच्या संचास लायब्ररी म्हणतात. तारीख खरी आहे काय, संख्या मर्यादेत आहे काय, आवश्यक रकाना रिकामा तर नाही ना, ही तपासणी प्रत्येक कार्यालयाच्या कार्यक्रमात लागते. तिच्यासाठीही लायब्रऱ्या आहेत. पायथॉन या संगणकीय भाषेतील 'पायडँटिक' ही त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होय. सॅम्युअल कॉल्विन यांनी ती २०१७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत तपासणीचा गाभा रस्ट या वेगवान भाषेत नव्याने लिहिला गेला. जुन्या 'जँगो' या संचातही अर्ज तपासण्याची अशीच सोय आहे.

या लायब्रऱ्यांचे खरे वैशिष्ट्य चूक ओळखण्यात नाही. सामान्य बुद्धीचा कारकूनही ३१ जून ही तारीख ओळखतो. सापडलेली चूक त्या कोणत्या रूपात हाती देतात, हे पाहण्यासारखे आहे. पायडँटिक सापडलेल्या चुकांची एक यादी देते आणि यादीतील प्रत्येक चूक ही पाच-सहा रकान्यांची स्वतंत्र नोंद असते. चुकीचा प्रकार, तिचे स्थान, माणसाने वाचावयाचा संदेश, प्रत्यक्ष आलेले मूल्य आणि जेथे लागू असेल तेथे नियमाचा संदर्भ, म्हणजे मर्यादा किती होती इत्यादी. गाव नमुना सहा-अ चे रकाने ज्याने भरले आहेत त्याला यात परके वाटावे असे फारसे काही नाही.

स्थान सांगणे सोपे नाही

समजा, एका गटाचे लागवडीयोग्य क्षेत्र १.१०.०० हेक्टर आहे आणि सात-बारावरील तीन खात्यांची क्षेत्रे अनुक्रमे ०.५०.००, ०.४०.०० आणि ०.२५.०० अशी आहेत. बेरीज १.१५.०० होते. पाच आर जास्त. सात-बाराचे संगणकीकरण होत असताना महसूल यंत्रणेला ज्या विसंगती शोधाव्या लागल्या, त्यांत गटाचे क्षेत्र आणि खात्यांच्या क्षेत्रांची बेरीज यांचा मेळ न बसणे ही प्रमुख होती. आता ही चूक कोठे आहे? तिन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर निर्दोष आहेत. कच्चा कार्यक्रम बेरीज करीत जातो, तिसऱ्या खात्याशी मर्यादा ओलांडली जाते आणि तिसऱ्या खातेदाराच्या नावापुढे तांबडी खूण पडते. पाहणाऱ्यास वाटते की त्यानेच क्षेत्र वाढवून लिहिले. वस्तुतः मूळ फाळणीच्या वेळी पहिल्याच खात्यात ०.४५ चे ०.५० झाले असण्याचाही तितकाच संभव आहे. अशा चुकीचे स्थान एखादा रकाना नसून संपूर्ण गट हे आहे. पायडँटिकमध्ये संपूर्ण नोंदीवरील तपासणीत दोष निघाला तर स्थानाचा रकाना रिकामा राहतो. चूक कोणा एकाच्या माथी मारली जात नाही. हा बारकावा ज्याने योजिला त्याचे कौतुक केले पाहिजे.

स्थान सांगताना आणखी एक अडचण येते. संगणक मोजणी शून्यापासून करतो. त्याच्या लेखी पहिला खातेदार शून्याव्या क्रमांकावर असतो आणि तिसरा दुसऱ्या. 'खातेदार २ चे नाव रिकामे' असा संदेश जसाच्या तसा पुढे पाठविला तर कार्यालयात भलत्याच माणसाचे नाव तपासले जाईल. लायब्ररी स्थान देते ते यंत्रासाठी. त्याचे 'तिसरे खाते, नावाचा रकाना' असे रूपांतर करणे हे कार्यक्रम लिहिणाराचे काम आहे आणि नेमके तेच पुष्कळदा राहून जाते.

काही वेळा स्थान अधिक बारकाईने सांगणे शक्यच नसते. आधार क्रमांकाचा बारावा अंक हा पडताळणीचा अंक असतो. डच गणिती याकोबस व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने तो काढतात. कोणताही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ही पद्धत ते हमखास पकडते. परंतु बारांपैकी कोणता अंक चुकला हे ती सांगू शकत नाही. येथे 'क्रमांक पुन्हा पाहून लिहा' यापलीकडे संदेश जाऊ शकत नाही. बँकेच्या आय.एफ.एस. संकेताची गोष्ट उलट आहे. तो अकरा चिन्हांचा असतो आणि त्यातील पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. घाईत तेथे इंग्रजी 'ओ' हे अक्षर टंकले जाते. 'संकेत अवैध' असे म्हटले तर माणूस पासबुक घेऊन पुन्हा बँकेत जातो. 'पाचव्या जागी शून्य हवे, अक्षर आले आहे' असे म्हटले तर काम तेथल्या तेथे होते. दोन्ही वेळा चूक तीच, तपासणीही तीच. फरक आहे तो सांगण्याचा. त्या फरकावर एखाद्याची मजुरी किंवा शिष्यवृत्ती महिनाभर अडू शकते.

आय.एफ.एस. संकेताच्या बाबतीत दुसऱ्या प्रकारची चूकही संभवते. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या व त्यांच्या शाखांचे संकेत पुढे बदलले. जुन्या पासबुकावरील संकेत घडणीने निर्दोष असतो, पण चालू नसतो. त्यास 'चुकीचा संकेत' म्हणणे हा खातेदारावर अन्याय होय. 'संकेत पूर्वी बरोबर होता, आता बदलला आहे' असा चुकीचा स्वतंत्र प्रकार ठेवावयास हवा.

सर्व चुका एकाच वेळी

जुन्या पद्धतीचे कार्यक्रम पहिली चूक सापडताच थांबतात. ती दुरुस्त करून अर्ज पुन्हा भरला की दुसरी दिसते, मग तिसरी. शहरात संगणकासमोर बसलेल्यास हा पाच मिनिटांचा त्रास असतो. खर्डी-कसाऱ्याकडील किंवा टोकावड्याकडील माणसाला मात्र प्रत्येक चूक म्हणजे एक खेप. पायडँटिकसारखी लायब्ररी सर्व रकाने तपासून मगच थांबते आणि सर्व दोषांची यादी एकदम देते, ही तिची ग्रामीण भागाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची बाजू म्हणावी लागेल.

अर्थात यालाही मर्यादा आहे. मृत्यूची तारीख वाचताच आली नाही, तर ती वारस नोंदीच्या अर्जाच्या तारखेपूर्वीची आहे की नाही हे कसे तपासणार? एका रकान्याची दुसऱ्याशी तुलना करणाऱ्या तपासण्या आधी ते रकाने सुटे-सुटे शुद्ध झाल्यावरच करता येतात. म्हणून फार तर दोन फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीच्या यादीखाली 'हे दुरुस्त झाल्यावर आणखी काही तपासण्या होतील' एवढे छापले, तर दुसऱ्या वेळी बोलावलेल्या माणसाचा रोष कार्यालयास सोसावा लागणार नाही.

अंक आणि अक्षरे

मराठी माहितीच्या बाबतीत काही चुका अशा आहेत की त्या डोळ्यांना दिसतच नाहीत. देवनागरीत लिहिलेला '१२' हा अंक पायथॉन भाषा संख्या म्हणून बिनतक्रार स्वीकारते. इंटरनेटच्या पानांवर चालणारी जावास्क्रिप्ट भाषा तोच अंक संख्या नाही म्हणून नाकारते. एकाच अर्जाची अर्धी तपासणी पडद्यावर आणि अर्धी मुख्य संगणकावर होत असेल, तर एक म्हणते बरोबर आणि दुसरी म्हणते चूक. 'कुऱ्हाडे' या आडनावातील अर्धा 'ऱ' संगणकाच्या युनिकोड लिपीत दोन तऱ्हांनी साठविता येतो, एकाच चिन्हाने किंवा 'र'खाली नुक्ता देऊन. कागदावर छापले तर दोन्ही सारखेच. संगणकाच्या तुलनेत मात्र ही दोन वेगळी माणसे ठरतात आणि 'नाव जुळत नाही' असा संदेश येतो. अशा वेळी आधी दोन्ही रूपे एकसारखी करून घेणे आणि मगच तुलना करणे, हा उपाय सर्वमान्य आहे. 'शहापूर' की 'शहापुर' हा प्रश्न त्याहून निराळा. तेथे दोन्ही रूपे लोकांच्या लिहिण्यात आहेत, आणि नाकारण्यापेक्षा 'आपणास शहापूर म्हणावयाचे आहे काय?' असे विचारणे शहाणपणाचे ठरते.

क्षेत्राच्या आकड्यांतही असाच धोका आहे. एका एकरात ४० गुंठे असतात, म्हणून एकर-गुंठ्यांच्या हिशेबात गुंठ्यांचा आकडा ३९ च्या पुढे जाऊ शकत नाही. हेक्टरात १०० आर असल्याने आरांचा आकडा ९९ पर्यंत चालतो. जुन्या कागदावरील '१-३०' हे दोन्ही मोजमापांत वैध दिसते, मात्र एकात ते १ एकर ३० गुंठे आणि दुसऱ्यात १ हेक्टर ३० आर. जमिनीत जवळपास दुपटीचा फरक पडतो आणि कोणतीही मर्यादा ओलांडली जात नाही. उलट '१-५५' हा आकडा एकर-गुंठे म्हणून आला तर तो पकडला जातो आणि संदेशात 'गुंठे ३९ पेक्षा अधिक असू शकत नाहीत. हा आकडा हेक्टर-आर मध्ये आहे काय?' असे म्हणता येते. नियमाचा संदर्भ चुकीच्या नोंदीत का ठेवावा, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

नियमच चुकला तर?

येथवर चूक माहितीत आहे असे गृहीत धरले. परंतु पुष्कळदा माहिती खरी असते आणि तपासणीचा नियम खोटा असतो. चार भावंडांच्या सामाईक खात्याचे क्षेत्र ०.४०.०० हे सर्वांचे मिळून एकदाच धरावयाचे असते. कार्यक्रमाने ते प्रत्येक नावापुढे वेगळे मोजले तर १.६०.०० होतात आणि निर्दोष सात-बारा दोषी ठरतो. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. 'तालुका वाडा, जिल्हा ठाणे' हे त्यापूर्वीच्या कागदावर अगदी बरोबर आहे. आजच्या सात तालुक्यांची यादी हाती घेऊन जुना दाखला तपासणारा कार्यक्रम त्यास चूक म्हणेल. नियमाला तारीख नसली की असे होते. शहापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडमधील मात्र काही गावेच आहेत. केवळ तालुक्याच्या नावावरून तपासणी लिहिली तर मुरबाडमध्ये ती एका बाजूस किंवा दुसऱ्या बाजूस चुकणारच. त्यासाठी गाववार यादी लागते.

सर्वांत नाजूक प्रश्न आदिवासी जमातींच्या नावांचा. अनुसूचित जमातींच्या यादीत महाराष्ट्रासाठी कातकरी व काथोडी ही नावे एकाच नोंदीत आहेत. ठाकूर, ठाकर, क ठाकूर, म ठाकूर यांचेही तसेच. जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये ज्या शिक्षकाने जसे ऐकले तसे लिहिले. पडद्यावरील यादीत 'कातकरी' एवढेच नाव असेल आणि रजिस्टरात 'काथोडी' असेल, तर 'जमात अस्तित्वात नाही' असा संदेश येऊ शकतो. कातकरी ही केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणलेली जमात आहे आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेले पी.एम. जनमन अभियान अशाच गटांसाठी आहे. ज्यांच्यासाठी योजना आखली तेच कागदावर नाहीसे व्हावेत, हे एका तोकड्या यादीमुळे घडू शकते. चुकीच्या नोंदीत नियमाचे नाव दिलेले असेल तरच ग्राम महसूल अधिकारी किंवा मुख्याध्यापक 'माहिती खरी आहे, हा नियम तपासा' असे वरिष्ठांना लिहू शकतो. नुसत्या 'अवैध' या शब्दाशी वाद घालता येत नाही.

याच कारणासाठी चुकीचा प्रकार आणि चुकीचा संदेश वेगळे ठेवतात. प्रकार हा ठरलेला, न बदलणारा संकेत असतो. त्यावरून तालुक्यात कोणत्या जातीच्या चुका किती, याची मोजदाद करता येते. संदेश मात्र वाचणाऱ्यानुसार बदलावा. एकच चूक अर्जदारास सोप्या मराठीत, कार्यालयास नमुना व रकान्याच्या क्रमांकासह आणि यंत्रज्ञास आणखी तिसऱ्या तऱ्हेने सांगता येते. इंटरनेटच्या मानकांत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'आर.एफ.सी. ९४५७' हा दस्तऐवज चुका एका संगणकाकडून दुसऱ्याकडे कशा पाठवाव्यात याची जी घडण देतो, तीतही चुकीच्या प्रकाराला आणि माणसासाठीच्या वर्णनाला स्वतंत्र जागा आहेत. मराठी संदेश हे इंग्रजीचे शब्दशः भाषांतर नसावे, एवढे येथे सुचवावेसे वाटते. 'आवश्यक क्षेत्र गहाळ' हे वाचून शेतकऱ्यास आपली जमीन हरवली असे वाटले, तर दोष त्याचा नव्हे.

दाखवावे, दुरुस्त करू नये

काही लायब्रऱ्या चुकीचे वाटणारे मूल्य स्वतःच बदलून घेतात. अक्षररूपात आलेला '७' संख्या म्हणून धरला तर बिघडत नाही. पण हक्काच्या नोंदीत यंत्राने अशी परस्पर दुरुस्ती करणे कायद्यातही बसत नाही. लेखनप्रमादाची दुरुस्ती कशी व्हावी हे संहितेच्या कलम १५५ मध्ये सांगितले आहे. सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि पक्षकारांना नोटीस देण्याचीही तरतूद आहे. समृद्धी महामार्गासारख्या प्रकल्पासाठी शहापूर तालुक्यातील जमिनी संपादित झाल्या; अशा वेळी सात-बारावरील एकेका आराला रोख किंमत येते. तेथे संगणकाचे काम चूक दाखविण्यापुरते असावे. लायब्रऱ्यांत यासाठी काटेकोर तपासणीची वेगळी सोय असते, ती वापरावी.

आणखी एक सावधगिरी. चुकीच्या नोंदीत प्रत्यक्ष आलेले मूल्यही असते, म्हणजे चुकलेल्या आधार क्रमांकाचे अकरा अंक बरोबर असलेला क्रमांकही त्या यादीत जातो आणि ती यादी छापून भिंतीवर लागू शकते. पायडँटिकमध्ये मूल्य झाकण्याची सोय आहे. यादी कोण पाहणार हे ठरविल्याशिवाय ती उघडी ठेवू नये.

या सर्व तपासणीतून जे सुटते तेही लक्षात घेतले पाहिजे. वय नक्की ठाऊक नसलेल्या मुलांची जन्मतारीख १ जून अशी लिहिण्याचा प्रघात शाळांत दीर्घकाळ होता. १ जून ही खरी तारीख आहे. कोणताही नियम तिला अडवीत नाही. एका वर्गातील अर्धी मुले त्याच दिवशी जन्मलेली दिसली तर ती चूक नव्हे, शंका होय. शंकेने अर्ज अडवू नये, फक्त खूण करून ठेवावी. ही दुसरी यादी कार्यक्रम लिहिणाराने मुद्दाम मागून घ्यावी लागते. वारसांत बहिणीचे नाव गाळलेला सात-बारा सर्व तपासण्यांत निर्दोष उतरतो. क्षेत्राचा मेळ बसतो, तारखा बसतात, खाते क्रमांक बसतो. संगणकीकृत सात-बारांचे चावडीवर वाचन होते तेव्हा मात्र गर्दीतून कोणीतरी म्हणते की याला दोन बहिणीही आहेत. ती हरकत कोणत्या गटाची, कोणाची आणि कशाबद्दल हे लिहून घेण्यास नमुना सहा-अ ची वही त्या वेळी उघडी असावी लागते.